बेकार जावई, बर्फ आणि मामाजींची घसरगाडी

ऑक्टोबरात माझं कंत्राट संपलं आणि नागपूरचे नातेवाईक फोनवर अशा आवाजात बोलू लागले की जणू मला कावीळ झाली आहे. "आता कसं वाटते?" "झोप लागते ना बरोबर?" एका काकांनी तर सकाळी गवतावर अनवाणी चालायला सांगितलं. इथं गवत हिवाळाभर बर्फाखाली असतं, नाहीतर त्यांच्या समाधानासाठी तेही केलं असतं.

खरं सांगायचं तर मी इतका मजेत कधीच नव्हतो. खापरखेड्याच्या कॉलनीत वाढलो, आयटीआय केलं, ठेकेदाराकडे वायरी ओढल्या, मस्कतला गेलो आणि तिथून उडी मारून ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला आलो, रोपवेच्या मोटारी बसवायच्या कामावर. एका नोकरीतून दुसरीत जाताना मध्ये धड जेवायलाही वेळ मिळाला नव्हता. आता पहिल्यांदाच अख्खा हिवाळा रिकामा होता, खिडकीत डोंगर होते, आणि बायको कमावत होती. माझी बायको शालू नर्स आहे, इथल्या वृद्धाश्रमात. घर तिच्या पगारावर आणि सरकार बेकारांना देतं त्या भत्त्यावर बरं चाललं होतं. परदेशात, डोंगराजवळ बेकार व्हायची संधी आली तर सोडू नका. शनिवार-रविवारी डोंगर पर्यटकांचे असतात. मंगळवारी सकाळी ते फक्त तुमचे आणि काही निवृत्त म्हाताऱ्यांचे असतात, आणि ते म्हातारे तुमच्यापेक्षा वेगाने चढतात.

या सुखात जानेवारीत मामाजी आले.

मामाजी म्हणजे माझे सासरे. पारशिवनीचे. आयुष्यभर एसटी चालवली, निवृत्त झाले, पण चालण्या-बोलण्यात ड्रायव्हर अजून उतरलेला नाही. "फिराले येतो" म्हणून आले. बॅग उघडली तर रोडग्यांचं जाड पीठ, तिखटाची पिशवी आणि लोणच्याची बरणी निघाली, आणि त्याच रात्री जेवताना खरं कारणही निघालं. त्यांचा भाचा दिनेश नागपूरच्या विमानतळाजवळ, मिहानच्या उद्योगवसाहतीत एका कंपनीत बऱ्या जागेवर आहे. त्याने माझ्यासाठी तिथे नोकरी बघून ठेवली होती. हो की नाही ते पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"जवाई, तुमच्यासाठी खुर्ची राखून ठेवली आहे पोरानं," मामाजी म्हणाले. "रोज घरी जेवाले येता येईन. शालूलेही नागपुरात दवाखाने काय कमी आहेत?"

शालूला जायचं नव्हतं. हे तिने मला स्वच्छ सांगितलं होतं, स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. पण बापाला सांगणं वेगळं. तिने आयुष्यात बापाला नाही म्हटलेलं नाही. नर्सिंगसाठी नागपूरला जायचं होतं तेव्हाही परवानगी मागितली ती तिच्या आईने. लग्नाच्या वेळी माझ्या बाजूने बोलली तीही आईच. आता आई पारशिवनीत सुनेच्या बाळंतपणात अडकलेली, आणि मी मध्ये तोंड घातलं तर मामाजी म्हणणार, याले कामच कराचं नाही. ते पूर्ण खोटंही नव्हतं. शालूने मला बजावलं होतं, "तुम्ही मधे बोलू नका. मी सांगते."

दहा-बारा दिवस ती सांगतच होती. अडचण एकच. मामाजींना विषयाचा वास आला की ते उठतात. म्हणतात, "चला, गाडीचा टाइम झाला." पारशिवनीत असले तर बाहेर ओट्यावर जातात, आमच्याकडे बाल्कनीत. बाल्कनीत उणे सात असायचं. तरी जायचे, आणि तिथून समोरच्या रस्त्यावरच्या बसगाड्या बघत उभे राहायचे.

शेवटी मी म्हटलं, तीन दिवस डोंगरात जाऊ. बाल्कनी नसलेली खोली घेऊ. शालूने सुटी काढली. गुरुवारी निघून शनिवारी परत, रविवार फोनसाठी मोकळा.

गुरुवार. इन्सब्रुकहून स्टुबाईच्या खोऱ्यात जायला एक लाल ट्राम आहे. शहरातून निघते, डोंगराच्या कडेकडेने जंगलातून वर चढते आणि फुल्पमेस नावाच्या गावी सोडते. तिथून पुढे बस. कोणाला टॅक्सीचा मोह होत असेल तर आवरा. ट्रामच्या डाव्या खिडकीतून जे दिसतं ते टॅक्सीतून दिसत नाही, आणि टॅक्सीत मीटर दिसतं. खोऱ्यात राहायला खोली घेतली की घरमालक एक कार्ड देतो, त्यावर खोऱ्यातल्या बस फुकट. ते मागून घ्या. आपण होऊन द्यायला कधीकधी विसरतात.

बसमध्ये मामाजी बसले नाहीत. सरळ ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभे राहिले, दांडी धरून, आणि काचेतून रस्ता बघू लागले.

"कंडक्टर कोठी आहे?"

"नसतो इथं, बाबा," शालू म्हणाली.

"मंग तिकीट कोन पाहते?"

"कोणीच नाही. कधीतरी तपासनीस येतो."

"आनि लोकं पैसे भरतात?"

"भरतात."

मामाजींनी सगळ्या बसकडे मान वळवून एकदा पाहिलं, जशी एखाद्या वर्गाकडे हेडमास्तर पाहतो. मग म्हणाले, "काहून?"

पुढे घाटात रस्ता वळला, दोन्ही बाजूला माणसाच्या उंचीच्या बर्फाच्या भिंती, आणि ड्रायव्हर एका हाताने पाण्याची बाटली उघडत होता. मामाजी मला म्हणाले, "हात चांगला आहे याचा. पन ब्रेक लय मारते. याले सांगा, उतारावर गिअरमंदी ठेव." मी सांगितलं नाही. बस मिनिटाच्या काट्यावर पोचली, ते मामाजींनी थोडं अपमानासारखं घेतलं.

जेवायला चर्चच्या मागे एक साधं हॉटेल आहे. दुपारी तिथं सूप आणि मुख्य पदार्थ असं जेवण पंधरा-सोळा युरोत मिळतं, म्हणजे इथल्या मानाने पोटाला आणि खिशाला दोन्हीला झेपणारं. सुपात टेनिसच्या चेंडूएवढा पावाचा गोळा येतो. मामाजींनी चमच्याने त्याला बुडवून पाहिलं, तो वर आला. पुन्हा बुडवला. "आपल्या गोळाभातातला गोळा आहे हा," म्हणाले, "भात सोडून पळून आला." मग त्यांनी खिशातून तिखटाची पुडी काढली आणि त्या गोळ्याला पारशिवनीचा नागरिक करून टाकलं. वाढणारी बाई थांबून बघत होती. शालू तिला काहीतरी म्हणाली, ती हसली आणि दुसरा गोळा फुकट घेऊन आली.

"काय म्हटलं तिले?"

"म्हटलं, माझे वडील तुमचं सूप दुरुस्त करत आहेत."

आमची खोली मारिया नावाच्या बाईंच्या शेतघरात होती. मारियाबाई पासष्टीच्या, विधवा, गोठ्यात गाई, वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी दोन खोल्या. अशी शेतघरं खोऱ्यात पुष्कळ आहेत. हॉटेलपेक्षा स्वस्त पडतात, सकाळचा नाश्ता असतो, आणि गोठ्याचा वास फुकट. तो पहिल्या दिवशी नाकाला कळतो, दुसऱ्या दिवशी भूक लावतो. मामाजी बॅग टाकण्याआधी गोठ्यात जाऊन आले आणि समाधानाने म्हणाले, "गाई मस्त आहेत. पन कोणाले शिंगावर घेतील असं वाटत नाही."

त्या संध्याकाळी शालूने विषय काढायचा सहलीतला पहिला प्रयत्न केला. "बाबा, दिनेशदादाच्या त्या..." मामाजी म्हणाले, "चला, गाडीचा टाइम झाला," आणि बाल्कनी नसल्यामुळे गाईंकडे गेले. मारियाबाईंच्या गोठ्याचा विचार मी केलाच नव्हता.

शुक्रवार. आकाश इतकं निळं की ते बघून माणूस उगीचच शिट्टी वाजवतो. आणि मामाजींनी जाहीर केलं की आज रोडगे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विदर्भात हिवाळ्यात वावरात जाऊन गोवऱ्यांचा विस्तव करायचा, त्यात जाड पिठाचे गोळे भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी. हा घरात करायचा पदार्थ नाही. उघड्यावर, गोतावळा जमवून करायचा कार्यक्रम आहे. हिवाळा आहे, शेत आहे, पीठ आहे, मग रोडगे नाहीत हे मामाजींच्या बुद्धीला पटत नव्हतं. वांगी मी इन्सब्रुकच्या तुर्की दुकानातून आणली होती, कारण मामाजींनी निघण्याआधीच दोनदा विचारलं होतं. राहिल्या गोवऱ्या.

त्यांनी शालूला मारियाबाईंकडे पाठवलं. शालूने विचारलं. मारियाबाईंनी तिला दोनदा पुन्हा विचारायला लावलं, मग आम्हाला गोठ्यामागे नेऊन एक ढीग दाखवला. त्यातून वाफ निघत होती. मामाजींनी जवळून पाहणी केली. "माल चांगला आहे," म्हणाले, "पन वाळाले मे महिना पाहिजे." मग बर्चच्या लाकडांवर तडजोड झाली.

अंगणाच्या टोकाला जिथून पलीकडचा हिमशिखरांचा रांगडा डोंगर दिसतो, तिथे मामाजींनी जागा पसंत केली. टाच मारून पाहिली. टणक. मीही टाच मारून पाहिली. टणकच. मी आयुष्यात इतक्या मोटारी बसवल्या, पण हा टणकपणा जमिनीचा नसून दाबून दगड झालेल्या मीटरभर बर्फाचा आहे आणि त्यावर आपण आग पेटवतो आहोत, हे ना एका विदर्भवासीयाच्या डोक्यात आलं, ना दुसऱ्याच्या.

सुरुवात सुंदर झाली. लाकडं पेटली, विस्तव पडला, मामाजींनी गोळे आत सारले आणि वर राख लोटली. मग विस्तव जरा खाली बसला. मामाजी म्हणाले, "बसू द्या, मुरते." विस्तव आणखी बसला. मी वाकून पाहिलं तर आमची चूल गुडघाभर खोल गेली होती, तळाशी पाणी साचत होतं, आणि रोडगे त्यात हळूहळू उकडत होते. मामाजी काठीने एक रोडगा काढायला गेले तर विस्तवाने आणखी एक पायरी खाली घेतली, फस्स आवाज आला, आणि विहिरीतून वाफ निघावी तशी वाफ निघाली.

"जवाई, हे जमीन कोठी जाऊन राहिली?"

"मामाजी, जमीन नाही आहे ती."

"मंग काय आहे?"

मी सांगितलं. मामाजींनी काठी बर्फात रोवली. "तुमी इथं चार वर्सं राहून राहिले ना?" म्हणाले.

तोपर्यंत मारियाबाई बाहेर आल्या होत्या. त्या खड्ड्यात डोकावल्या, वर पाहिलं, पुन्हा डोकावल्या, आणि मग ॲप्रनला डोळे पुसत हसू लागल्या. उरलेलं पीठ, वांगी आणि आम्ही तिघं, सगळ्यांना त्यांनी आत स्वयंपाकघरात नेलं. तिथे लाकडावर चालणारी जुनी मोठी शेगडी होती, तिच्या पोटात राखही होती. मामाजींनी राखेला हात लावून पाहिला आणि पुन्हा माणसात आले.

पुढचा तास मला चांगला आठवतो. इथल्या लोकांची बोली पुस्तकातल्या जर्मनपेक्षा इतकी वेगळी आहे, जितकी आमची पुण्याच्या मराठीपेक्षा. क म्हणताना घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज काढतात. मी पुस्तकातली जर्मन बोलतो, म्हणून मला सगळे साहेबासारखं वागवतात आणि काहीच सांगत नाहीत. शालू वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांच्या तोंडून शिकली. ती घशातल्या त्या 'क'सकट बोलते. शेगडीपाशी उभी राहून ती मारियाबाईंना कसलीतरी गोष्ट सांगत होती, हातवारे करत, मध्येच पीठ मळलेला हात हवेत फिरवत. मारियाबाई खुर्चीत मागे रेलून हसत होत्या, टेबलावर थाप मारत होत्या, आणि उलट काहीतरी असं बोलल्या की शालूने तोंडावर पदर घेतल्यासारखं मनगट घेतलं.

मामाजी शेगडीसमोर स्टुलावर बसून रोडगे उलटत होते. एकही शब्द कळत नव्हता. ते रोडग्यांकडे कमी आणि मुलीकडे जास्त बघत होते.

"काय सांगून राहिली वं?"

"तुमचीच गोष्ट, बाबा. तुम्ही बस थांबवून म्हशीला रस्ता ओलांडू दिला होता आणि सगळे पॅसेंजर भांडले होते, ती."

"ते काय सांगाची गोष्ट आहे?" मामाजी म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हैस गाभण होती, ते सांगतलं का?"

शालूने ते सांगितलं. मारियाबाईंनी गंभीरपणे मान डोलावली आणि मामाजींच्या ताटात अख्खा लोण्याचा गोळा ठेवला. तूप नव्हतं. रोडगे लोण्यात बुडवून खाल्ले. वांग्याच्या भाजीने मारियाबाईंच्या डोळ्यांतून दुसऱ्यांदा पाणी काढलं, पण त्यांनी ताट साफ केलं.

दुपारनंतर शालू चहा करायला गेली तेव्हा मामाजी वरच्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. मला म्हणाले, "पोट्टी इथं लय बोलते. घरी तं मुकी होती."

मी म्हटलं, "हो, इथं बोलते."

"बरं आहे. नागपुरात दवाखान्यात कामी येईन." मग जरा थांबून: "परवा दिनेशले फोन करतो. हो म्हणून सांगतो. तुमाले काही म्हणाचं आहे?"

मी हुशारी केली. म्हटलं, "शालूला विचारा ना, मामाजी."

"तिले काय विचाराचं? ते तं येतेच."

दारात शालू तीन कप घेऊन उभी होती. तिने कप ठेवले. खाली उतरताना जिन्यात मला म्हणाली, "उद्या वर जाऊ. घसरगाडीवर मी बाबांना पुढे बसवते. तिथून कुठे उठून जातात बघते मी."

शनिवार. हा या सहलीचा सगळ्यात चांगला भाग, आणि तुम्ही फक्त एक दिवस येणार असाल तर हाच करा. खोऱ्यातल्या काही डोंगरांवर रोपवेने वर जायचं आणि लाकडी घसरगाडीवरून जंगलातल्या बर्फाच्या रस्त्याने खाली यायचं. गाडी दिवसभरासाठी दहा युरोच्या आसपास भाड्याने मिळते, हेल्मेट वेगळं. इंजिन नाही, ब्रेक नाही, मागे बसलेला माणूस पायाने वळवतो आणि पायानेच थांबवतो. बूट चांगले घाला. माझ्या पहिल्या हिवाळ्यातल्या बुटांचे तळवे याच रस्त्यावर कुठेतरी आहेत.

वर जाण्याआधी लाकडी खोपटासारख्या हॉटेलात एक पदार्थ खा. जाड गोड धिरडं तव्यावरच फाडून तुकडे करतात, वर साखर, बाजूला आलुबुखाऱ्याची चटणी. मामाजी म्हणाले, "उलटताना फाटलं असंन, म्हून असं वाढलं." तरी दोन प्लेटी संपल्या.

मामाजींची तयारी बघण्यासारखी होती. आतून माकडटोपी, तिच्यावरून मफलर, त्यावर भाड्याचं हेल्मेट. पुढे बसले, पाय वर घेतले, आणि हात कशाला लावायचे ते कळेना.

"ब्रेक कोठी आहे?"

"माझे पाय," शालू मागून म्हणाली.

"हॉर्न?"

"माझं तोंड."

"शालू, गाडी मले मागं बसून नाही जमत आणि समोर बसून काही हातात नाही. हे काय झालं?"

"पॅसेंजर झालं, बाबा," ती म्हणाली आणि पाय उचलले.

मी दुसऱ्या गाडीवर त्यांच्या मागे होतो. उतार आधी सौम्य आहे, दोन्ही बाजूंना झाडं, फांद्यांवरून बर्फ पावडरीसारखा खाली पडतो. मग वळणं सुरू होतात. सरळ टप्प्यांवर शालूचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी माझ्यापर्यंत येत होता. "बाबा, मले नाई यायचं..." वळण. "...माह्यं काम इथं..." वळण. "...तुमाले राग आला तरी..." मग एक मोठा उतार आला आणि मला माझ्याच जिवाची काळजी पडली. पण एवढं कळलं की ती सगळं बोलते आहे, वर्षानुवर्षांचं, आणि मामाजींना उठून जाता येत नाही. मला मागून वाटलं की त्यांची पाठसुद्धा ऐकते आहे.

खाली सपाटीवर गाडी थांबली. मी पोचलो तेव्हा शालू उभी होती, गाल लाल, डोळे वडिलांवर. मामाजी उठले. मिशांवर बर्फ. हेल्मेट काढलं. मफलर सोडला. माकडटोपी काढली. मग एका कानातून कापसाचा बोळा काढला, मग दुसऱ्या कानातून.

"मस्त हाणली गाडी, बाई," म्हणाले. "पन त्या वाऱ्यात मधी मधी वरडत काहून होती? भेव वाटलं का तुले?"

मी दुसरीकडे बघितलं. आमच्याकडे थंडीत म्हातारी माणसं कानात कापूस घालतात, हे तिला माहीत नसण्याचं काही कारण नव्हतं; लहानपणी तिच्याच कानात हिवाळाभर असायचा.

मी म्हटलं, "चला, गाड्या परत करून येतो."

"तुम्ही थांबा इथंच," शालू म्हणाली. मग बापाकडे वळून: "हो, भेव वाटलं. पन गाडीचं नाही."

"मंग कायचं?"

"बाबा, मी नागपूरले येत नाही. दिनेशदादाले नाही म्हणून सांगा."

समोरच बसस्टॉप होता. आमची बस वळणावर दिसत होती. मामाजींनी बसकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जवाईनं शिकवलं का?"

"त्यांचं ते पाहतील. मी माह्यं सांगून राहिली."

"काहून पन? काय कमी आहे तिथं?"

"काही कमी नाही. तिथं माह्या वतीनं माय बोलते. माय नसली तं हे बोलतात. हे चुकले तं तुमी बोलता. मी फक्त चहा आनते. इथं म्हातारे माह्याशीच भांडतात, डॉक्टर मलेच विचारते, मारियाबाई मलेच शिव्या देते. मले माह्यंच बोला लागते, बाबा. मले ते आवडते."

बस येऊन थांबली. दार उघडलं. ड्रायव्हर आमच्याकडे बघत थांबला. परवाचाच होता, बाटलीवाला. मामाजींनी त्याला हात वर करून असा हलवला, जसा एक ड्रायव्हर दुसऱ्याला रस्ता देतो. "जाऊ दे गा," म्हणाले, "मागून दुसरी आहे." त्याला मराठी कुठली यायला, पण हात कळला. बस निघून गेली.

मामाजी स्टॉपच्या बाकावर बसले. कापसाचे बोळे खिशात घातले. "सांग आता सुरुवातीपासून. वरतून जे वरडत आली ते."

ती सांगत गेली. मी घसरगाड्या घेऊन भाड्याच्या दुकानात गेलो, आणि तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ हेल्मेटं बघत बसलो. परत आलो तेव्हा मामाजी म्हणत होते, "तुह्या मायनं मले निघतानाच सांगतलं होतं, पोरगी येनार नाही. मी म्हटलं, मले नाही म्हणनार नाही."

"मंग?"

"मंग काय. बुढी जिंकली." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आता त्या दिनेशले काय सांगू?"

मी मदतीला धावलो. "सांगा, जावई नालायक निघाला."

"ते त्याले माहीत आहे, जवाई. दुसरं कारन सांगा."

पुढची बस आली. मामाजी चढले, पण ड्रायव्हरच्या मागे उभे राहिले नाहीत. पार मागच्या बाकावर खिडकीशी जाऊन बसले आणि फुल्पमेसपर्यंत एकाही ब्रेकबद्दल बोलले नाहीत. शालू त्यांच्या शेजारी बसली. मला वाटत होतं तिला हलकं वाटत असेल. तसं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. ट्राममध्ये तिने त्यांच्या मफलरची सुटलेली गाठ बांधली, त्यांनी बांधू दिली. एवढंच.

कोणी अशी सहल आखत असेल तर थोडक्यात: तीन दिवस पुरतात, पाठदुखी असेल तर घसरगाडी सपाट रस्त्याची निवडा, आणि काही पेटवायचं असेल तर खाली फावड्याने माती लागेपर्यंत खणा. खर्च तिघांचा मिळून नागपूर-गोवा विमान आणि हॉटेलाइतका येतो, फक्त इथं समुद्र घट्ट असतो. माझ्याजवळ त्यातलं काय राहिलं विचाराल तर डोंगर वगैरे रोजच दिसतात. राहिली ती मारियाबाईंच्या स्वयंपाकघरातली शालू. चार वर्षं तिच्यासोबत राहून मी तिला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं, कारण जर्मन बोलायची वेळ आली की घरात मी पुढे व्हायचो.

रविवारी संध्याकाळी मामाजींनी दिनेशला फोन लावला. स्पीकरवर, कारण ते फोन कानाला लावतच नाहीत, तोंडासमोर धरतात. पलीकडून दिनेश म्हणाला, "जय भीम मामा, बोला. मंग कवा येऊन राहिले जावईबापू?"

"जय भीम. हे पाह्य गा दिनेश," मामाजी म्हणाले, "मी शालूले विचारलं. ते नाही म्हणते."

विचारलं कोणीच नव्हतं. शालूने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मामाजी भिंतीकडे बघत होते.

"नाही म्हणते? काहून मामा? अन् जावई काय म्हणतात?" दिनेशचा आवाज चढला. "मी तिकडं साहेबाले शब्द देऊन बसलो ना."

खुर्ची माझ्यासाठी राखलेली होती, तेव्हा समजूत काढणंही माझंच काम. मी घसा साफ केला आणि फोनसाठी हात पुढे केला.

मामाजींनी फोन शालूला दिला. "घे. तूच सांग त्याले काहून ते," म्हणाले आणि पाय वर घेऊन सोफ्यावर नीट बसले, ऐकायला.

माझा हात पुढे गेलेलाच होता. त्याने मी समोरच्या रिकाम्या कपबश्या उचलल्या.